पडद्यावरचा पट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय काहींना पोरकट वाटेल. मातीच्या वाटेवरून मोटारसायकली आणि गाड्या पळवण्याचे जे व्हिडिओ गेम असतात, त्यांतल्या वाटा आणि त्या वाटांच्या कडेला लागणाऱ्या जाहिराती यांविषयी मी बोलणार आहे. पण या विषयाची सुरुवात आमच्या घरी सावली तालुक्यात झाली आणि तिचा शेवट बाबांच्या बँकेच्या पासबुकात झाला. म्हणून सांगावंसं वाटलं.

२०२४च्या उन्हाळ्याची गोष्ट. शाळेला सुट्या लागल्या आणि माझा सातवीतला मुलगा आजोबांकडे गावी गेला. आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात. मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. मुलगा माजघरात कुलरसमोर बसून आजोबांच्या मोबाइलवर मोटारसायकलचा गेम खेळायचा. मातीचा रस्ता, उंचवटे, उड्या, मागे उडणारी धूळ. बाबा शेजारी बसून बघायचे.

बाबा तरुणपणी धुरकरी होते. शंकरपटात छकडा हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, आणि बैल ज्या पट्टीवरून धावतात तिला म्हणतात दान. दोन दिवस गेम बघून झाल्यावर बाबा नातवाला म्हणाले, ‘‘बाबू, हे दान कायची आहे? रंग बदलते, पन गाडी त सगळीकडं सारखीच पळते.’’

मुलगा हसला. म्हणाला, ‘‘आबाजी, हे वाळवंट आहे, मघाचं जंगल होतं.’’

बाबांचं म्हणणं मात्र खरं होतं. त्या गेममध्ये वाळवंट म्हणजे पिवळा रंग, जंगल म्हणजे हिरवा आणि बर्फ म्हणजे पांढरा. चाकाला काही फरक पडत नव्हता.

दान म्हणजे काय, हे बाबांना विचारावं. धान निघाल्यावर, साधारण पौष-माघात, पटाची तयारी सुरू व्हायची. बांधीतली ढेकळं फोडायची, मधले धुरे मोकळे करायचे, माती दाबायची, धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडायचं. पाणी जास्त झालं तर बैल घसरतो, कमी झालं तर धुरकऱ्याला पुढचं दिसत नाही. दान कडक असेल तर एक जोडी चालते, भुसभुशीत असेल तर दुसरी. कोणती जोडी कोणत्या गावच्या दानीवर निघेल, यावर रात्र रात्र चर्चा व्हायची. दिवसा पट आणि रात्री नाटक. पटाला आलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक ठेवायची ही रीत झाडीपट्टी रंगभूमीला चांगलीच मानवली, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या राज्यात शर्यतीच्या वाटा तरी किती तऱ्हेच्या आहेत! आमच्याकडे सपाट, सरळ दान. पुण्याकडे खेड, जुन्नर, आंबेगावात बैलगाडा चढाचा घाट चढतो, बैलांपुढे घोडी धावते आणि एकेका बारीचे सेकंद मोजतात. सांगली-साताऱ्याकडे माळावर शर्यत होते, काही ठिकाणी लांब जाऊन निशाणाला वळसा घालून परत यायचं असतं. अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. प्रत्येक ठिकाणी माती वेगळी, म्हणून बैल वेगळा, गाडी वेगळी आणि हाकणाऱ्याची युक्तीही वेगळी.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनाही हे फार आधी कळलं होतं. १९८४ साली जपानच्या निन्तेंडो कंपनीचा ‘एक्साइटबाइक’ आला. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आपल्या बाजारात आले, त्यांच्या कॅसेटमध्ये हा गेम हमखास असायचा. मातीतली मोटारसायकल, तिच्या वाटेत उंचवटे आणि चिखलाचे डबके. डबक्यात चाक गेलं की वेग मंदावायचा. त्यात आणखी एक सोय होती. आपला रस्ता आपणच तयार करायचा. कुठे उंचवटा, कुठे चिखल, ते आपण ठरवायचं. मी तासन्‌तास असे रस्ते बांधले आहेत. आमच्या यंत्रात ते साठवता येत नसत. लाइट गेली की रस्ता गेला, आणि लाइट तर रोज जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा रस्ता बांधायला बसायचं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सेगा कंपनीच्या ‘सेगा रॅली’ने डांबरावरची पकड वेगळी आणि मातीवरची वेगळी ठेवली. मातीवर वळताना गाडी मागून सरकायची, तिला आधीच वळवावं लागायचं. १९९८ साली ब्रिटनमधल्या कोडमास्टर्स कंपनीने कॉलिन मॅकरे या स्कॉटिश रॅली चालकाच्या नावाने गेम काढला. त्याच मालिकेतून २००७ साली ‘डर्ट’ हे नाव पुढे आलं. डर्ट म्हणजे माती, धूळ. २०१५च्या ‘डर्ट रॅली’त फिनलंडची खडीची वाट, स्वीडनचा बर्फ, ग्रीसचा दगडाळ डोंगर, वेल्सचा ओला चिखल असे रस्ते होते आणि प्रत्येक रस्ता नव्याने शिकावा लागे. ‘मोटरस्टॉर्म’ नावाच्या गेममध्ये तर गाड्यांच्या चाकांनी चिखलात चाकोऱ्या पडत, फेरीगणिक त्या खोल होत आणि पुढच्या फेरीत आपलंच चाक त्यांत अडके. हे ऐकून बाबा म्हणाले, ‘‘हा गेम बनवनाऱ्यानं बंडी हाकली असंल.’’

आता जाहिरातींकडे येऊ. शर्यत आणि जाहिरात यांचं नातं जुनं आहे. पटातही जाहिरात असतेच. बियाण्यांचे, औषधांचे, ट्रॅक्टरचे फलक दानीच्या कडेला लागतात. बक्षीस देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून दहा वेळा पुकारलं जातं. त्यात वावगं काही नाही. मंडप, पाणी, बक्षिसं, नाटकाची बिदागी यांचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो.

गेममध्येही सुरुवातीला असंच होतं. १९८२च्या ‘पोल पोझिशन’ या मोटारशर्यतीच्या गेममध्ये रस्त्याच्या कडेला खऱ्या कंपन्यांचे फलक होते. रॅलीच्या गेममधल्या गाड्यांवर तेलाच्या, टायरच्या कंपन्यांची नावं असतात, कारण खऱ्या रॅलीतल्या गाड्यांवरही ती असतात. उलट ती नसती तर गाडी खोटी वाटली असती.

मग इंटरनेट आलं आणि गेममधला फलक बदलता येऊ लागला. आज एक जाहिरात, उद्या दुसरी. या शहरातल्या खेळाडूला एक, त्या शहरातल्याला वेगळी. हेच काम करणारी मॅसिव्ह नावाची कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ साली विकत घेतली. २००८च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बराक ओबामांच्या प्रचाराचे फलक ‘बर्नआउट पॅराडाइज’ या मोटारींच्या गेममध्ये रस्त्याकडेला झळकले. निवडणुकीत ज्या राज्यांत चुरस होती, तिथल्या खेळाडूंनाच ते दिसत होते. मॅसिव्हचा कारभार मायक्रोसॉफ्टने २०१०मध्ये गुंडाळला. धंदा मात्र संपला नाही. तो मोबाइलवर गेला आणि तिथे त्याची तऱ्हाच बदलली.

मोबाइलवरचा गेम फुकट मिळतो. पहिले तीन-चार रस्ते फुकट. पुढच्या रस्त्याला कुलूप. कुलूप उघडायचं तर पैसे भरा, नाहीतर तीस सेकंदांची जाहिरात बघा. गाडी पडली? जाहिरात बघा, पुन्हा उठेल. पेट्रोल संपलं? जाहिरात बघा, टाकी भरेल. म्हणजे पूर्वी जाहिरात रस्त्याच्या कडेला उभी होती, आता ती रस्त्यावर आडवी झाली. आणि कुलपामागे जो नवा रस्ता आहे, तो बहुतेक वेळा जुनाच असतो, फक्त रंग बदललेला. बाबांनी दोन दिवसांत जे ओळखलं ते हेच. रस्ते बरेच आहेत असं दाखवायचं, म्हणजे कुलपं बरीच लावता येतात आणि जाहिराती बऱ्याच दाखवता येतात.

आमच्या घरी काय झालं ते आता सांगतो. मुलगा रस्ता उघडण्यासाठी जाहिराती बघत होता. त्यांतली एक जाहिरात दुसऱ्या गेमची होती. त्यातही मोटारसायकलच होती, तशीच धूळ, तशीच उडी. तो पैसे लावून खेळायचा खेळ आहे, हे लहान अक्षरांत होतं. मुलाने बटण दाबलं. आधी पन्नास रुपये जिंकल्याचं दिसलं, मग आणखी. बाबांचा मोबाइल बँकेला जोडलेला होता. आकड्यांचा पिन त्यांनी विसरू नये म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि नातवाला तो पाठ होता. चार दिवसांत दोन हजार चारशे रुपये गेले. धानाच्या पैशातले.

पासबुक भरून आणल्यावर कळलं. मी गावी पोहोचलो तेव्हा मुलगा रडून रडून झोपला होता. मला राग आला होता, तो मुलावर काढायच्या बेतात होतो. बाबांनी थांबवलं. म्हणाले, ‘‘पटावर पैजा लागत, म्या पायल्या आहेत. म्या बी लावल्या. पन हरला त पूरा गाव पायत होता. कोनी तरी हात धरत होता. याचा हात कोन धरनार? मी बाजूलेच बसलो होतो, अना मले समजलंच नाई.’’

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. पटावरचा फलक सगळ्यांना एकसारखा दिसतो. तो चुकीचा असेल तर कुणी तक्रार करेल, कुणी थट्टा करेल, एखादा फाडूनही टाकेल. मोबाइलमधली जाहिरात एकट्या मुलाला दिसते आणि तीस सेकंदांत नाहीशी होते. शेजारी बसलेल्या आजोबांना ती जाहिरात आहे की खेळ, हेही कळत नाही. ते ओळखायचं काम आपण बारा वर्षांच्या पोरावर टाकलं आहे.

पटांना नियम लागले, ते उगाच लागले नाहीत. पराणी टोचणं, शेपूट पिरगाळणं हे प्रकार होते. बाबाही ते नाकारत नाहीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि पट बंद झाले. त्या काळात आमची शेवटची जोडी विकली गेली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आता धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको, ती खडकाळ किंवा चिखलाची नको, बैलाला मारझोड नको, असे नियम आहेत. बैलासाठी एवढा विचार झाला, हे चांगलंच झालं.

मुलांच्या बाबतीतही थोडी हालचाल झाली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींनाही त्यात बंदी आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला योग्य वाटतं. पण कायद्याने सगळं भागत नाही. पैशांचे खेळ वगळले तरी कुलपं आणि तीस सेकंदांच्या जाहिराती राहतातच.

म्हणून घरात काही साध्या गोष्टी कराव्यात. बँकेचा पिन भिंतीवर लिहू नये. मुलं खेळतात तो मोबाइल आणि पैशांचा मोबाइल शक्यतो वेगळा ठेवावा. ते जमत नसेल तर मुलं खेळताना इंटरनेट बंद करावं. पुष्कळ गेम त्याशिवाय चालतात आणि जाहिराती आपोआप थांबतात. आणि कधीतरी मुलाशेजारी बसून विचारावं, आता जे दिसतंय तो खेळ आहे की जाहिरात? उत्तर चुकलं तर रागावू नये. मोठ्यांचंही चुकतं.

आमच्या मुलाने मोटारसायकलचा गेम सोडलेला नाही. मीही सोडायला सांगितलं नाही. पण २०२५च्या दिवाळीत तो गावी गेला, तेव्हा हलकं धान कापून मोकळ्या झालेल्या एका बांधीत त्याने आणि शेजारच्या पोरांनी फावड्याने उंचवटे रचले. बाबा धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले. इथं पाणी मारा, तिथली ढेकळं फोडा, वळणावर माती दाबा, असं सांगत होते. त्या दानीवर पोरांनी दोन दिवस सायकली पळवल्या. पडली, खरचटलं, भांडली.

शर्यत म्हणजे फलक हवाच, असं पोरांचं म्हणणं पडलं. एका जुन्या कार्यक्रमाचं फ्लेक्स मिळालं. त्याची कोरी पाठ बाहेर करून त्यांनी ते दोन काठ्यांना बांधलं आणि रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पुढे खड्डा आहे’. मी जाऊन बघितलं. खड्डा खरोखरच होता.