मांडीवरचे मूल आणि धावती गाडी
(समाजबांधवांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



पूर्वी बाळंतीण दवाखान्यातून घरी यायची ती एस.टी.ने. आता किन्हवलीतून शहापूरला आणायला भाच्याची नाहीतर शेजाऱ्याची गाडी जाते. ही प्रगतीच आहे. पण बाळ मात्र आजीच्या मांडीवर, तेही पुढच्या सीटवर! मांडीइतकी सुरक्षित जागा नाही असे आपण मानतो. घरात ते खरे, धावत्या गाडीत नव्हे.

विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचे मूल हाताला सव्वाशे किलोचे लागते. कोणती आजी ते धरून ठेवील? आजीने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिचाच भार मुलावर येतो.

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी भारीतली होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. ही तर मोठी माणसे होती.

तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे, मान कोवळी. म्हणून त्याची खास खुर्ची मागच्या सीटवर, बाळाचे तोंड मागच्या काचेकडे करून बांधतात. धक्का बसला की पाठ, मान, डोके सारे एकदम पेलले जाते. पुढे एअरबॅग असेल तेथे अशी खुर्ची कधीही ठेवू नये. फुगा उघडतो तो बाळावरच आदळतो.

2019 च्या दुरुस्त कायद्याने 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालखुर्चीविना नेल्यास 1,000 रुपये दंड आहे. मोटारसायकलवर तर आपण मूल टाकीवरच बसवतो! तेथेही 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट आणि वेग 40 च्या आत, असा नियम आहे.

खुर्ची हजारांच्या घरात जाते आणि मूल वाढले की अडगळीत पडते, ही अडचण मला मान्य आहे. म्हणून सुचवतो: समाजाची लग्नाची भांडी जशी वहीत नोंदवून देतो, तशा दोन खुर्च्या संस्थेने घ्याव्यात. पट्ट्याने घट्ट कशी बांधायची ते दोघा-तिघा तरुणांनी शिकून घ्यावे. अपघातात सापडलेली खुर्ची पुन्हा कोणाला देऊ नये. आणि पहिली मागणी बाळंतिणीची धरावी.