स्मृतिभ्रंश आणि शेजारधर्म



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही वरील विषय लिहून पाठविला. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ हसत म्हणाले, "या विषयाला म्हातारेच येणार आणि घरी पोचेपर्यंत सारे विसरणार, मग व्याख्यानाचा उपयोग काय?" आम्हीही हसलो. पण मागाहून वाटले की, आमचा पूर्वपक्ष या गृहस्थांनी एका वाक्यात मांडून दिला आहे. म्हातारपणी माणूस विसरायचाच, त्यात रोग कसला आणि उपाय कसला, अशी आपली समजूत आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द, दोन्ही याच समजुतीची अपत्ये होत. आज आम्हांला या समजुतीशीच भांडायचे आहे.

वयोमानाने स्मरण मंदावते हे खरे. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी ओठांवर येत नाही. यात भिण्यासारखे काही नाही. परंतु चष्मा हातात असून तो कशासाठी असतो हे उमगेनासे झाले, चाळीस वर्षे राहिलेल्या गल्लीत घर सापडेनासे झाले, रोजचा स्वयंपाक करताना पुढे काय घालायचे ते सुचेनासे झाले, तर ते वय नव्हे. तो मेंदूचा रोग होय. काविळीला किंवा पक्षाघाताला आपण स्वभावदोष म्हणत नाही. मग यालाच का म्हणावे?

या रोगाची ओळख ज्या रुग्णामुळे झाली त्याची साठी उलटलेली नव्हती. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात एक स्त्री दाखल झाली. तिचे वय अवघे ५१ होते. तिला स्वतःचे नाव नीट लिहिता येत नव्हते आणि नवऱ्याचे नाव विचारले तर ती आपलेच सांगे. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस आल्झायमर. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या आत गुंतलेले धागे आणि पेशींच्या बाहेर साचलेली पुटे त्यांना दिसली. त्याच वर्षी त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेपुढे मांडले आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला आल्झायमरचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. मेंदूतील रक्तवाहिन्या तुंबूनही तो होतो. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, खिन्नता किंवा एखादे औषध यांमुळेही तशीच लक्षणे दिसू शकतात, आणि वेळीच उपचार झाल्यास ती पुष्कळदा ओसरतात. म्हणून 'वयच झाले' असे म्हणून घरी बसणे हा नुसता अडाणीपणा नसून कधी कधी अन्यायही असतो.

आता आकडे पाहू. आपल्या देशात घरोघर जाऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे, या व्याधीने ग्रस्त आहेत असे त्यात आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. तेव्हा हा शहरी सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूतही टिकत नाही.

श्रोतेहो, येथवर जे सांगितले ते पुस्तकांतून मिळाले. आता पुस्तकात नसलेले सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या व्यासपीठावर उभे राहण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आमचे वडील, ज्यांना सारी आळी तात्या म्हणे, खरेदी-विक्री संघात कारकून होते. निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी ते पुन्हा सकाळी टोपी घालून कचेरीला निघू लागले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला, आवाज चढविला, जुने कागद दाखवून त्यांना खोटे ठरविले, आणि शेवटी दाराला कुलूप लावले. शेजाऱ्यांनी विचारले तर 'गुडघे दुखतात, म्हणून बाहेर पडत नाहीत' असे सांगत असू. लाज वाटत होती, दुसरे काय! श्रावणातल्या एका संध्याकाळी कुलूप लावायचे राहिले आणि तात्या निघून गेले. रात्रभर शोध केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या बाजारतळाच्या ओट्यावर ते भिजलेले सापडले. पुढे न्यूमोनिया झाला, आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

तेरावे झाल्यावर, शोधायला मदत केलेल्यांचे आभार मानण्यासाठी आम्ही हिंडलो. तेव्हा कळले की, त्या संध्याकाळी तात्यांना अनेकांनी पाहिले होते. चहावाल्याने त्यांना चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. रिक्षावाल्याला त्यांनी संघाच्या कचेरीचा रस्ता विचारला. त्याने तो नीट दाखविला. देवळातल्या पुजाऱ्यांनी 'तात्या, पाऊस येतोय, घरी जा' असे सांगितले. सारी माणसे चांगली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने सौजन्यच दाखविले. पण तात्यांना घर सापडत नाही, हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, कारण आम्हीच ते लपविले होते. पुजाऱ्यांना आदल्या महिन्यात एक शब्द सांगितला असता, तर त्यांनी तात्यांना हाताला धरून घरी आणून सोडले असते. दोष त्यांचा नव्हे, आमचा.

म्हणून या बाबतीत जपानने काय केले ते सांगतो. तेथे या रोगाला जो शब्द रूढ होता त्यात मूर्खपणाचा अर्थ होता, आपल्या म्हातारचळासारखाच. २००४ साली सरकारने तो शब्द टाकला आणि आकलनशक्तीचा विकार अशा अर्थाचा नवा शब्द आणला. पुढल्या वर्षापासून स्मृतिभ्रंशाचे साहाय्यक तयार करण्याची मोहीम निघाली. सुमारे दीड तासाचा वर्ग असतो. बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी मुले तेथे येतात. ओळखीची खूण म्हणून मनगटावर घालायला त्यांना पूर्वी नारिंगी पट्टी मिळे. अशा साहाय्यकांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. ओमुता नावाच्या जुन्या कोळसाखाणींच्या शहरात तर २००४ सालापासून याची तालीम होते. एक स्वयंसेवक वाट चुकलेल्या वृद्धाचे सोंग घेऊन रस्त्याने हिंडतो, आणि त्याला ओळखून गोडीने कसे बोलावे हे लोक शिकतात. आग विझविण्याची तालीम होते, तर ही का होऊ नये?

कोणी म्हणेल, आमच्याकडे एकत्र कुटुंब होते तेव्हा हे प्रश्न नव्हते. प्रश्न होते, पण ते घरातल्या सुनेच्या पदरात पडत आणि तिचे ऐकणारे कोणी नव्हते. आजही अशा घरांत अनेकदा रुग्णाइतकीच रुग्णाची सेवा करणारी बाई खचते. केरळात १९९२ साली या कामासाठी देशपातळीवरची संस्था निघाली आणि तिच्या शाखा ठिकठिकाणी झाल्या. परंतु संस्था किती दारी पोचणार? दार शेजाऱ्याचेच जवळ असते.

तर आपण काय करावे? पहिली गोष्ट, घरात असा रुग्ण असेल तर आळीत सांगावे. वाण्याला, रिक्षाच्या थांब्यावर, देवळात. त्यांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. दुसरी, बोलताना समोरून जावे, आपले नाव सांगावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि 'ओळखलेत का मला?' अशी परीक्षा घेऊ नये. कचेरीला निघालेल्या म्हाताऱ्याला खोटे ठरवू नये. 'चला, चहा घेऊन जाऊ' म्हणावे. शब्द हरवले तरी मायेचा स्वर बराच काळ कळतो, आणि लहानपणचा अभंग पुष्कळदा शेवटपर्यंत साथ देतो. म्हणून भजनी मंडळाने अशांना मागल्या रांगेत का होईना, बसवून घ्यावे. तिसरी, सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तास सुटी द्यावी. तेवढा वेळ आपण रुग्णाजवळ बसावे. याला पैसा लागत नाही.

आणि स्वतःसाठीही थोडे करावे. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, ऐकू येईनासे झाले तर यंत्र वापरायला लाजू नये, चार माणसांत मिसळावे. यांसारखी १४ कारणे जगातून नाहीशी करता आली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा तज्ज्ञांचा २०२४ सालचा अंदाज आहे. व्याख्यानाला येऊन बसणे हेही त्यातलेच पथ्य समजा.

शेवटी एकच विनंती. आज घरी जाताना आपल्या आळीत असे कोणते घर आहे, कोणाचे दार हल्ली नेहमी बंद असते, याचा विचार करा आणि उद्या ते दार वाजवा. तात्यांसाठी आम्हांला ते जमले नाही. आपणांस जमेल.