दर्या सगळ्यांचा, तर राखणही सगळ्यांची

(ऊर्जानगर येथे तरुणांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत बसून मी आज समुद्राबद्दल बोलणार आहे. इथून समुद्र फार लांब. पण प्रश्न तुमच्या दाराशी आहे. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट कुणी एकटा ओरबाडत असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय करायचं?

शेवंडीपासून सुरुवात करू. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी, चपट्या डोक्याची एक शेवंड पूर्वी ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर यायची. परदेशात मागणी, दरही चांगला. मग पिल्लं उचलली, अंडी वागवणाऱ्या माद्याही उचलल्या. 1994 पर्यंत ती मासेमारी बसली. शेवंडीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून सांभाळते. त्यातून निघालेली पिल्लं काही आठवडे, काही जातींत कित्येक महिने पाण्यात तरंगत राहतात. अंडीवाली मादी विकली की पुढची पिढीच विकली जाते.

2003 मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं. चिखलातली शेवंड 300 ग्रॅम, वाळूतली 150 ग्रॅम. त्याहून लहान बाहेर पाठवायची नाही. पण हा नियम निर्यातीच्या दारात लागू होतो. किनाऱ्यावर टोपलीत काय पडलं, ते कोण बघणार?

कायदे कमी नाहीत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतचं पाणी राज्याच्या ताब्यात येतं. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी केली. 2021 मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला, दंड लाखांत गेले आणि निकाल देण्याचं काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आलं. 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरलं.

तरी रात्री दिवे लागतातच. लांबलचक किनारा आणि गस्तीच्या नौका मोजक्या. 2025 च्या जानेवारीपासून ड्रोनही उडू लागले. पण रोज पहाटे पाण्यावर असतो तो छोटा मच्छीमार. रत्नागिरीचे दालदी मुसलमान असोत, कोळी असोत की मालवणचे रापणवाले गाबीत, कुठली नौका कुठे आली आणि कुठलं जाळं टाकलं, हे आधी त्यांनाच कळतं. पर्ससीनने एका फेऱ्यात अख्खा थवा उचलला की यांच्या गिलनेटमध्ये काही येत नाही. पोराची फी आणि डिझेलची उधारी यांचा थेट संबंध त्या रात्रीच्या दिव्यांशी आहे.

म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी स्वतःच राखण सुरू केली. त्यात दोन रस्ते दिसतात. एक, नौका अडवायची, जाळं कापायचं. मालवणच्या बाजूला हे हाणामारीपर्यंत गेलं. त्यात पारंपरिक मच्छीमारावरच गुन्हा दाखल होतो आणि मूळ गुन्हा बाजूला राहतो. दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे, पण टिकतो. नोंद करायची. तारीख, वेळ, जागा, जाळ्याचा प्रकार, दिवे होते का. फोटो काढायचा आणि त्यात नौकेचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. मग सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोचेशिवाय दिलेली तक्रार म्हणजे वाऱ्यावर सोडलेला शब्द. पुढे काही झालं नाही तर 2005 चा माहिती अधिकार आहे. 30 दिवसांत उत्तर मागता येतं: माझ्या अर्जावर काय कारवाई केली, दंड किती झाला, वसूल किती झाला?

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. तक्रार नौकेची करायची, जमातीची नाही. कोकणात पर्ससीनचे मालक हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. नुकसान सोसणारेही दोन्हीकडचे आहेत. ‘त्यांचे लोक लुटतात’ असं कुणी म्हणालं की समजायचं, मासळीचा प्रश्न आता मतांच्या बाजारात गेला. आणि आपल्या मोहल्ल्यातला मालक असेल तर? तेव्हा गप्प बसणं सोपं असतं. ‘घरची बात घरात ठेवा’ म्हणणारे बुजुर्ग भेटतात. त्यांना अदबीने सांगा, चाचा, दर्या घरचा नाही, तो अमानत आहे. निसर्गाचं रक्षण हे राज्यघटनेच्या कलम 51-क मधलं कर्तव्य आहे आणि ते धर्म विचारून वाटलेलं नाही. एवढं मात्र सांभाळा, नौकेवरचा खलाशी हा मालक नसतो. पोटासाठी लांबून आलेल्या त्या पोराला खलनायक बनवू नका.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कोकणाचं झालं. तर शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा बघा. त्या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून गावकरी जंगल राखत होते. हक्काचा कागद नंतर आला, राखण आधी होती. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने. तिथे शेतकरी, मजूर, बाया, सगळे बसतात.

आपल्याकडे मामा तलाव आहेत, त्यावर ढिवर बांधवांचं पोट आहे. इरई आहे, वर्धा आहे, वैनगंगा आहे. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं हा 1897 च्या मत्स्य कायद्यापासूनचा गुन्हा आहे. नदीवर तवंग दिसला, तलावाकाठी मेलेली मासळी दिसली, तर नुसता व्हिडिओ पुढे ढकलून थांबू नका. ढिवर सोसायटीच्या माणसांना आधी विचारा, त्यांना पाण्याची नस माहीत असते. त्यांच्यासोबत जा, त्यांच्या आधी बोलू नका.

एवढंच मागणं आहे. तिघंचौघं एकत्र या, एक वही घ्या, एक तलाव किंवा नदीचा एक घाट निवडा. महिन्यातून दोनदा तिथे जा आणि दिसेल ते तारखेनिशी लिहा. चांगलं दिसलं तर तेही लिहा. सहा महिन्यांनी त्या वहीतला एखादा अर्ज कार्यालयाच्या टेबलावर गेला, की साहेबांना तो सहज बाजूला सारता येणार नाही.