कृत्रिम पाय आणि खेळाचे मैदान

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईत वाढलेल्या अभियंता मानसी जोशी यांना २०११ मध्ये रस्त्यावरील अपघातात डावा पाय गमवावा लागला. लहानपणापासूनचा बॅडमिंटनचा खेळ त्यांनी कृत्रिम पाय लावून पुन्हा सुरू केला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे त्या पॅरा-बॅडमिंटनच्या महिला एकेरीत जागतिक विजेत्या ठरल्या.

आपल्या कसबा बावड्यात मुले तालमीच्या तांबड्या मातीत आणि फुटबॉलच्या मैदानावर वाढतात. अशा गावातील तरुणाचा पाय गेला, तर चालता येईल का, यापाठोपाठ खेळता येईल का, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी रुग्णालयाच्या हाती असते.

१९६८ मध्ये डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर येथे तयार केलेल्या रबरी पावलामुळे आपल्या लोकांना अनवाणी चालणे, शेतातील चिखलात उतरणे, उकिडवे बसणे शक्य झाले. वेगाने धावण्यासाठी मात्र कार्बन तंतूंचे वक्र पाते लागते. ते भाराखाली दबते आणि उसळताना शक्ती परत देते. त्याला टाच नसल्याने दैनंदिन वापराचा पाय वेगळा ठेवावा लागतो.

पाऊल कोणतेही असो, सारा भार सॉकेटवर येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत उरलेल्या पायाची सूज ओसरते, स्नायू रोडावतात आणि नीट बसलेले सॉकेट सैल होते. धावताना, उड्या मारताना ते घासून जखम होते. मधुमेही रुग्णाच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास ती जखम वेळेवर कळतही नाही. मग खेळ सुटतो आणि पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहतो.

आम्ही हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट मांडू इच्छितो. यंत्र खरेदी केल्यावर आपण दरवर्षी त्याचा घसारा धरतो, दुरुस्तीची तरतूद करतो. कृत्रिम पायाची नोंद मात्र ‘एक पाय, एक देणगी’ अशी होऊन खाते बंद होते. वस्तुतः सॉकेट बदलणे, त्वचेची तपासणी, भौतिकोपचार आणि तोल सांभाळण्याचा सराव हा खर्च त्यानंतरच सुरू होतो.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, पायासाठी दिलेल्या देणगीचा काही भाग देखभाल निधी म्हणून राखून ठेवण्यास अनुमती द्यावी. वाटप समारंभाचे छायाचित्र अहवालात येतेच. तोच रुग्ण वर्षभराने पाय घालून मैदानावर उतरला का, याची नोंदही अहवालात यावी, अशी आमची इच्छा आहे.