औषधभांडारातील प्रमाण दर



हिशेबाच्या संगणकप्रणालीत औषधभांडारातील प्रत्येक वस्तूचे प्रमाण दर भरण्याचे काम आम्ही या वर्षी पूर्ण केले. विषय रुक्ष आहे खरा. परंतु रुग्णाच्या हाती पडणारे देयक तेथूनच तयार होते.

टॅलीसारख्या प्रणालीत एकाच वस्तूपुढे दोन प्रमाण दर ठेवता येतात, एक खरेदीचा आणि दुसरा विक्रीचा. प्रत्येकापुढे तो लागू होण्याची तारीख असते. देयक करताना त्या दिवशीचा दर आपोआप येतो, आणि नवा दर भरला तरी जुना पुसला जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा या तारखांचा उपयोग आम्हांस पुरेपूर कळला.

दोन दर कशासाठी, असे विश्वस्तांनी विचारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली निश्चित केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. या रुग्णांची औषधे व उपभोग्य साहित्य खरेदीच्या किमतीनेच आकारावयाचे असते. तेथे विक्रीचा दर लागला, तर निधी तेवढा लवकर आटतो आणि पुढच्या रुग्णाच्या वाट्याचे कमी होते. रेवस, बोडणीच्या कोळीवाड्यांत जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरात रोकड नसते. त्या दिवसांत हा फरक कागदावरचा राहत नाही.

सर्वांत अधिक वेळ गेला तो परिमाण ठरविण्यात. औषध येते पाकिटाने, दिले जाते गोळीने. दहा गोळ्यांच्या पाकिटाचा दर ‘गोळी’ या परिमाणापुढे पडला, तर सात गोळ्यांचे देयक सत्तर गोळ्यांचे होते. म्हणून गोळी हे मूळ परिमाण धरून पाकिटाशी त्याचे प्रमाण बांधले. सलाईन, सुया, हातमोजे यांचेही तसेच. भांडारातील कर्मचाऱ्यांनी ही नोंद खोकी उघडून, मोजून केली. त्यांचा उल्लेख येथे व्हावयासच हवा.

प्रमाण दर म्हणजे अंतिम शब्द नव्हे. वेष्टनावरील छापील किमतीपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि एकाच औषधाच्या दोन खेपांवर ती वेगवेगळी असू शकते. तसेच वडखळमार्गे येणारा माल अडला की जवळपासच्या दुकानातून चढ्या दराने खरेदी करावी लागते. अशा वेळी बीजकावरील दर आणि प्रमाण दर यांतील तफावत आम्ही दरमहा काढतो. ती वाढली, तर प्रमाण दर बदलावयाचा. निर्धन रुग्णाला मात्र प्रत्यक्ष खरेदीचाच दर.

वर्षअखेरच्या साठ्याचे मूल्य आम्ही प्रमाण दराने केलेले नाही. ‘प्रथम आले ते प्रथम गेले’ या रीतीने प्रत्यक्ष खरेदीमूल्यावर केले आहे. सोबतच्या ताळेबंदातील आकडा त्या रीतीचा आहे. दरपत्रक भांडाराच्या खिडकीशी ठेवले आहे. कोणाही नातेवाइकाने ते मागावे व आपल्या देयकाशी ताडून पाहावे.