मुलगा होईपर्यंत

“दोन मुली झाल्या, आतां एक मुलगा झाला म्हणजे पुरे!” हें वाक्य सुशिक्षित कुटुंबांतहि अपरिचित नाहीं. त्यांतील ‘पुरे’ या शब्दाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. स्त्री-पुरुष विषमतेचा एक मोठा भाग या शब्दांत दडलेला आहे, आणि तो उकलून दाखविण्यास शाळेंतील अपूर्णांकांपलीकडे कोणतेंहि गणित लागत नाहीं.

मुलगा होईपर्यंत आईबाप थांबत नाहींत, म्हणून समाजांत मुलगे अधिक होतात, असें कित्येकांस वाटतें. कोणी नेमकें उलट म्हणतात : मुलाच्या आशेनें मुलीमागून मुली होतात, तेव्हां मुलीच अधिक व्हावयास हव्यात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

समजा, ८०० जोडपीं आहेत. मुलगा झाला कीं थांबावयाचें, न झाला तरी पांच अपत्यांवर थांबावयाचें, असा सर्वांचा नेम आहे. निसर्गतः १०० मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात. हिशेबाच्या सोयीसाठीं दोहोंचा संभव सारखा धरला तरी मुख्य मुद्द्यास बाध येत नाहीं. पहिल्या खेपेस ४०० मुलगे व ४०० मुली. मुलगा झालेलीं घरें थांबलीं. उरलेल्या ४०० घरांत २०० मुलगे व २०० मुली. मग १०० व १००, ५० व ५०, शेवटीं २५ व २५. बेरीज करावी : मुलगे ७७५, मुली ७७५. आईबापांच्या इच्छेनें जन्मांचें प्रमाण तिळभरहि हललें नाहीं.

येथें पुष्कळजण समाधानानें वही मिटतील. परंतु तीच मुलें आतां घराघरांतून पाहावीं. ७७५ मुलग्यांपैकीं ४०० मुलगे आपल्या घरीं एकुलते एक आहेत. एकुलती मुलगी ८०० घरांत एकहि नाहीं. सरासरी मुलग्याच्या घरांत त्याच्यासह दोनाहूनहि कमी मुलें आहेत, तर सरासरी मुलीच्या घरांत साडेतीन. शेवटचें अपत्य ७७५ घरांत मुलगा आहे, आणि केवळ २५ घरांत मुलगी.

आतां प्रत्येक घरीं रोज एक लिटर दूध येतें असें धरूं. आईबाप अत्यंत न्यायी आहेत. मुलगा-मुलगी असा भेद न करतां तें सारखें वांटतात. तरी सर्व घरांचा हिशेब केला असतां मुलग्याच्या वांट्यास सरासरी सुमारें ७१० मिलिलिटर आणि मुलीच्या वांट्यास सुमारें ३२० मिलिलिटर दूध येतें. निम्म्याहूनहि कमी! दुधाच्या जागीं शाळेची फी घालावी, औषधोपचार घालावा, आईचा वेळ घालावा. गुणोत्तर तेंच राहतें. अन्याय करणारा हात कोणत्याहि घरांत दिसत नाहीं. “आमच्याकडे असला भेदभाव नाहीं” असें सांगणारे गृहस्थ बहुधा खरेंच बोलत असतात. (ज्या घरांत भेद उघड केला जातो, तेथील हिशेब अर्थातच याहून वाईट.)

पांचांची मर्यादा दोनांवर आणली म्हणजे काय होतें? पूर्वीं ८०० पैकीं २५ घरें पुत्राविना राहत होतीं; आतां २०० राहतात. लहान कुटुंबाचा प्रचार योग्यच होता, परंतु कुटुंब आटोपशीर झालें म्हणून पुत्राची हौस आटोपली असें झालें नाहीं. जें पूर्वीं खेपा वाढवून साधत असे, तें साधण्यास दुसरा मार्ग शोधला गेला. आणि सोनोग्राफीच्या यंत्रानें तो दाखविला.

तो मार्ग मात्र जनगणनेंत उमटतो. निसर्गाच्या हिशेबानें हजार मुलग्यांमागें ९५२ च्या आसपास मुली जन्मावयास पाहिजेत. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हें प्रमाण १९९१ सालीं ९४६ होतें. २००१ सालीं तें ९१३ वर आणि २०११ सालीं ८९४ वर उतरलें. यांत जन्मानंतरच्या हेळसांडीचाहि वांटा असतो. पण नुसत्या थांबण्यानें जन्मांचें प्रमाण ढळत नाहीं हें एकदां कळलें, कीं एवढ्या घसरणीमागें कोणाची तरी कृति असलीच पाहिजे हें ओघानेंच येतें. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला, देशानें १९९४ सालीं. तरीहि पुढील आंकडे वरीलप्रमाणें आहेत.

कायदा पूर्णपणें यशस्वी होऊन आंकडा ९५२ वर आला असें धरलें, तरी दुधाचा हिशेब जागच्या जागीं राहतो. कारण त्याचा माग प्रमाणांत लागतच नाहीं, शेवटच्या अपत्यांत लागतो. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनें याच दिशेनें गणना केली. मुलगा हवा असतां जन्मास आलेल्या, पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या तिनें सुमारें २ कोटि १० लक्ष धरली. या मुली जिवंत आहेत, जनगणनेंत मोजल्या गेल्या आहेत. त्यांना वेगळें ओळखण्याची खूण एवढीच कीं त्यांच्यामागून घरांत आणखी एक पाळणा हलला.

कांहीं घरांनीं ती खूणहि लपविली नव्हती. २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा जिल्ह्यांत दोनशेंहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. तोंवर त्यांचें शाळेच्या पटावरील नांव ‘नकोशी’ किंवा ‘नकुशी’ असें होतें.