घर विकूनही घर मिळत नाही
(राजूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



निवृत्त झालेल्या खाणकामगाराला कंपनीचे क्वार्टर सोडावे लागते. आयुष्यभराची पुंजी घेऊन तो वणीत घर शोधू लागतो. भाव रोज चढतो. इसार द्यावा तर कागदपत्रांविषयी शंका; थांबावे तर घर हातचे जाण्याची धास्ती.

विकणाराही सुखी नसतो. राहते घर चढ्या भावाने विकणाऱ्याला त्याच चढ्या बाजारात दुसरे घ्यावे लागते. त्याचा नफा कागदावरच राहतो. खरा लाभ होतो तो केवळ भाववाढीसाठी जमीन अडवून ठेवणाऱ्याचा. वस्तुतः जमिनीला मोल येते ते समाजाच्या श्रमामुळे. राजूरच्या परिसराला भाव आला तो येथे कोळसा खणणाऱ्यांच्या घामाने!

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. सवलतींच्या पळवाटांनी तो पोखरला गेला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो रद्दच केला. पळवाटा बुजवण्याऐवजी कायदाच बुजवला! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत करारावाचून बिल्डरला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे; पण ते फसवणुकीला आळा घालते, भावाला नव्हे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: अडवलेल्या मोकळ्या जमिनीवर कर आणि त्यातून कष्टकऱ्यांसाठी भाड्याची सार्वजनिक घरे. निवारा हा सट्ट्याचा माल नव्हे.